ती समाधी नव्हती

१९८२ सालच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी केवळराम कापगते प्रार्थना म्हणता म्हणता अडला. अकरा वर्षं रोज आपसूक तोंडातून येणारी ओळ त्या दिवशी आलीच नाही. समोर एकोडी गावातली साठ-सत्तर माणसं डोळे मिटून बसलेली होती आणि केवळराम तोंड उघडं ठेवून उभा. मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी बाजूला खंजिरी घेऊन बसलेल्या भैय्याजीने पुढची ओळ उचलली आणि कशीबशी प्रार्थना पार पडली.

त्याला वाटलं, आता कुणीतरी विचारील, बुवा, बरं नाही का? पण लोक एकामागून एक आले आणि पाया पडून गेले. भैय्याजीच्या डोळ्यांत तर पाणी होतं.

"आज बुवाची समाधी लागली," तो सगळ्यांना सांगत होता. "मी सोता पायलो."

"समाधी कायची गा! मी विसरलो."

"थेच तर म्हणतो मी. सारं विसरणं म्हणजे समाधीच ना!"

केवळराम घरी आला आणि हातातलं उपरणं त्याने खुंटीवर न अडकवता भिंतीवर फेकून मारलं.

त्याला महिनाभर झोप नव्हती. जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं. शेतावर, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभा राहिला की कशाला आलो तेच आठवत नसे. समोर पिकलेलं धान दिसे, पण ते आपलं आहे असं वाटत नसे. बायकोवर, कौशल्याबाईवर, तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आता भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवत असे. मग त्याची लाज वाटे आणि लाजेचा पुन्हा राग येई.

आणि माणसं काही थांबत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्याने गावात सामुदायिक प्रार्थना सुरू केली तेव्हा त्याच्यासमोर चौघे जण बसत. पुढे तेवीस माणसांनी त्याच्यापुढे शपथ घेऊन दारू सोडली, त्यांच्या घरात चूल वेळेवर पेटायला लागली आणि केवळरामचा बुवा झाला. तेव्हापासून गावातलं प्रत्येक ओझं त्याच्या ओसरीवर येऊन पडत होतं. सून नांदत नाही, बुवाकडे या. भावाभावांचं धुऱ्यावरून भांडण, बुवाकडे या. जीव घाबरतो, बुवाकडे या. तो प्रत्येकाला एकच सांगे, "देवाचं नाव घ्या. मन शांत होईल." आता त्याचं मन शांत होत नव्हतं, आणि हे सांगायला त्याला कुणाचीच ओसरी नव्हती.

"साकोलीले नाही तर नागपूरले जाऊ," कौशल्याबाई म्हणाली. "मनाचे डॉक्टर रायतेत तिथं. टिकारामले नेलं होतं ना..."

ती मध्येच थांबली. टिकारामचं नाव त्या घरात दोन वर्षं कुणी काढत नव्हतं.

टिकाराम त्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याला कानात माणसं बोलताना ऐकू यायची. त्याच्या बायकोचा, रंभाबाईचा, भाऊ जवाहरनगरला नोकरीला होता. त्याने त्याला नागपूरला नेऊन डॉक्टरांना दाखवलं होतं. गोळ्यांनी टिकाराम सुधारला. शेतावर जाऊ लागला, प्रार्थनेलाही येऊ लागला. आणि १९८० च्या एका संध्याकाळी केवळरामने त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "नाव घेतोस ना रोज? मग ह्या गोळीचा काय काम?" टिकारामने भोळेपणाने गोळ्यांची बाटली त्याच्या हातात दिली. केवळरामने ती सगळ्यांना घेऊन गावच्या तलावात नेऊन टाकली. लोकांनी जयजयकार केला. चार महिन्यांनी टिकारामला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले. शेजारी आपल्याला मारायला टपलेत असं समजून त्याने स्वतःच्याच घराचं छप्पर पेटवलं. आता तो दिवसभर अंगणात गुडघ्यांत मान घालून बसून असे. रंभाबाई दुसऱ्यांच्या बांध्यांत राबून घर चालवत होती. प्रार्थनेला ती परत कधी आली नाही. केवळरामनेही त्या टोकाला जाणं सोडलं होतं. शेताला जायचं तर तो तलावाकडून वळसा घालून जाई.

"कोणत्या तोंडानं जाऊ मी डॉक्टरकडं?" तो कौशल्याबाईला म्हणाला. "सांग ना, कोणत्या तोंडानं?"

भैय्याजीकडे मात्र उपाय होता. त्याने सुचवलं, बुवांनी सात दिवस मौन धरावं. केवळरामलाही वाटलं, सात दिवस तरी लोक येणार नाहीत. पण मौन धरलेला बुवा पाहायला शेजारच्या चार गावांतून माणसं आली. ओसरी भरून गेली. कुणी हळू आवाजात आपली गाऱ्हाणी सांगत होतं, आणि त्याला "पुरे" एवढंही म्हणता येत नव्हतं.

धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत एका दुपारी इश्वर खळ्यावर आला. तेवीस जणांतला हा सर्वांत कच्चा. तिसऱ्यांदा शपथ मोडून तो रडत माफी मागायला आला होता. केवळराम ऐकत होता. ऐकता ऐकता काय झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने इश्वरच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. इश्वर धानाच्या पेंढ्यांवर पडला. खळ्यावरचे गडी जागच्या जागी थिजले. इश्वर उठला, गाल चोळला आणि केवळरामच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "बुवा, ह्या माराची गरजच होती मले. परसाद झाला."

केवळराम घरात गेला आणि दार लावून लहान पोरासारखा रडला. कौशल्याबाई दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "अजी, उद्याची पयली बस. तोंड माह्यं घेऊन चला हवं तर, पण चला."

नागपूरच्या दवाखान्यात ते अडीच तास बाकावर बसले. डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले, घाईत. झोप किती, भूक किती, मरणाचे विचार येतात का, भराभर विचारत गेले. केवळराम त्या शेवटच्या प्रश्नापाशी थांबला. कौशल्याबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हो म्हणून. तिने पदर तोंडाला लावला.

"हा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "जसा मलेरिया, तसा हा. मेंदूत काही रसायनं असतात, ती कमी-जास्त झाली की असं होतं. गोळीने बरं वाटेल, पण तीन आठवडे थांबावं लागेल. मध्ये सोडायची नाही."

"मी प्रार्थना घेतो साहेब. अकरा वर्षं. तेवीस जणायची दारू सुटली. मंग मलेच काहून झाला?"

"प्रार्थना घेणाऱ्याला मलेरिया होत नाही का?"

केवळरामला राग आला. "तुमी थट्टा करता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "थट्टा नाही करत. मला प्रार्थनेतलं कळत नाही, मला गोळीतलं कळतं. प्रार्थनेने तुमच्या गावात तेवीस जणांची दारू सुटली म्हणता, ते मला जमलं नसतं. पण तुमची झोप त्याने येणार नाही."

केवळराम उठायला लागला, पुन्हा बसला. "साहेब, एखाद्याच्या कानात आवाज येत होते. गोळ्या चालू होत्या. मधातच बंद केल्या तर?"

"आजार उलटतो. कोणी बंद केल्या?"

"एका शहाण्या माणसानं."

"त्या शहाण्याला घेऊन या माझ्याकडे."

"आलोच आहो मी," केवळराम म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "त्या पेशंटला आणा. उशीर झाला आहे, पण आणा." आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

पहिले तीन आठवडे गोळीने काहीच झालं नाही. तोंडाला नुसती कोरड पडे, हात कापत. केवळराम चिडून दोनदा पुडी फेकायला निघाला. कौशल्याबाईने ती त्याच्या हातात देणंच बंद केलं. तांदळाच्या कोठीत लपवून ती रोज एक गोळी काढून आणे आणि तो गिळेपर्यंत समोरून हलत नसे. संध्याकाळी तो प्रार्थनेला उभा राही, लोकांना मनःशांतीचं सांगे, आणि घरी येऊन चोरासारखा गोळी घेई. त्याला स्वतःचा इतका वीट कधीच आला नव्हता.

चौथ्या आठवड्यात तो एकदा सकाळी उठला तेव्हा ऊन अंगणात आलेलं होतं. कौशल्याबाईने त्याला उठवलं नव्हतं. त्याला भूक लागली होती.

त्याच दिवशी तो टिकारामच्या घरी गेला. रंभाबाई अंगण सारवत होती. टिकाराम भिंतीशी बसला होता, केस वाढलेले, नजर जमिनीत. केवळरामने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आपली झोप, नागपूर, डॉक्टर, गोळी.

रंभाबाईचा शेणाने भरलेला हात तसाच थांबला. "म्हणजे तुमी गोळी खाऊन राहिले?"

"हो."

"घरात बसून. लपून."

"हो, वहिनी."

"अन् माह्या मालकाची तलावात टाकली. वाजतगाजत टाकली." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं केवळरामला वाटलं. "इथं काय सांगायले आले मले? मले तर पयल्या दिवसापासून ठावं आहे. जिथं टाकली ना, ज्या लोकायच्या समोर, तिथं सांगा. मंग न्या याले नागपूरले. तवर माह्या दारात येऊ नका."

दुसऱ्या संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर केवळरामने सांगितलं. मी आजारी होतो. समाधी वगैरे काही नव्हती. मी डॉक्टरची गोळी घेतो. टिकारामची मी बंद केली, ती माझी चूक होती, मोठी चूक होती. बोलणं संपलं. लगेच भैय्याजी हात जोडून उठला.

"पाहा, बुवा किती मोठे आहेत! दुसऱ्याचा दोष सोताच्या अंगावर घेऊन राहिले. आपली परीक्षा पाहून राहिले."

लोकांनी माना डोलावल्या. पुष्पाबाई नावाची म्हातारी पाया पडायला पुढे सरकली.

केवळरामच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्याने सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली, गोळी तळहातावर घेऊन सगळ्यांना दिसेल अशी धरली, जिभेवर ठेवली आणि समोरच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली.

"आता सांगा," तो म्हणाला, "कायची परीक्षा आहे हे?"

पुष्पाबाई मागे सरकली. मग एकेक जण उठून आपापली चप्पल शोधू लागला.

आठवड्याभरात साठाचे अकरा झाले. भैय्याजीने शाळेच्या पटांगणात वेगळी प्रार्थना सुरू केली. इश्वर त्या दोन्हींकडे जाईनासा झाला. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा तोंडाला वास येत होता. "तुमाले गोळी लागते, मले माही लागते," तो म्हणाला आणि हसला. ते वाक्य केवळरामला कित्येक दिवस सोडत नव्हतं. खरं सांगून आपण एका माणसाला पुन्हा दारूत लोटलं, की तो आधीच गेलेला होता? डॉक्टरला विचारलं तर ते म्हणाले, याला माझ्याकडे गोळी नाही. देवाला विचारलं तर तिकडूनही काही कळलं नाही.

टिकारामला मात्र त्याने नागपूरला नेलं. पहिल्या खेपेला दोघा-तिघांनी धरून बसमध्ये बसवावं लागलं. नंतर दर महिन्याला दोघेच जात. सुधारणा अगदी मुंगीच्या पावलाने होती. एका महिन्यात तो स्वतःहून आंघोळीला उठला, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा बंद झालं. धानाच्या रोवणीच्या वेळी तो चार दिवस बांधीत उतरला आणि पाचव्या दिवशी घाबरून परत आला. रंभाबाई केवळरामशी कामापुरतं बोले. एकदा त्याने धीर करून विचारलं, "वहिनी, राग आहे का अजून?"

"आहे," ती म्हणाली. "बस चुकन तुमची, जा."

१९८४ च्या उन्हाळ्यात अशाच एका खेपेला परतीची एस.टी. लाखनीच्या अलीकडे बंद पडली. दुपारचे दोन. कंडक्टर म्हणाला अर्धा तास, मग म्हणाला तास, मग सांगायचंच सोडून दिलं. सगळे उतरून एका मोहाच्या झाडाखाली बसले. केवळराम एस.टी.वर चिडला, उन्हावर चिडला, उद्या संपणाऱ्या आणि या खेपेला नागपुरातही न मिळालेल्या आपल्या गोळ्यांवर चिडला. मग भैय्याजीवर घसरला, आणि बोलता बोलता इश्वरवर.

"बुवा," टिकाराम म्हणाला.

केवळराम दचकला. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलला होता.

"तुमी लय बोलता."

केवळरामला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं हसू. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुले अजून आवाज येतेत का गा?"

"येतेत. दूर गेले आता. त्या नाल्याच्या पल्याड असल्यावाणी." टिकारामने बोट दाखवलं. "तुमाले झोप येते का?"

"येते. रोज नाही."

सवयीने केवळरामच्या तोंडून निघालं, "प्रार्थना म्हणू का?"

"म्हणा. पण मनातल्या मनात म्हणा."

त्याने डोळे मिटले. पुढे कुणी बसलेलं नव्हतं, कुणाला सांगायचं नव्हतं, ओळ विसरली तरी उचलायला कुणी नव्हतं. तो सावकाश एकेक शब्द मनात म्हणत गेला. अर्ध्यावर आला असेल, तोच ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि टिकाराम त्याचा हात धरून म्हणाला, "चला, बुवा. बाकीची गाडीत म्हणा."