मागची जागा

१९९३ साल. जानेवारी संपत आला होता, देवळाली प्रवराच्या शिवारात ऊसतोड जोरात चालली होती, आणि भागिरथीच्या ओट्यावर चार-पाच बाया एका वर्तमानपत्रावर वाकल्या होत्या. भारताच्या फुटबॉल संघाचा फोटो छापून आला होता. त्यात बन्सी होता, भागिरथीचा थोरला.

“कुठंय गं?” शेजारच्या गोजरबाईनं विचारलं.

“ह्यो काय, मागल्या रांगेत. डावीकडनं तिसरा.” बन्सीच्या धाकट्या बहिणीनं, यशोधरानं, त्याच्या तोंडावर बोट ठेवलं.

“मागल्या?” गोजरबाईच्या जिभेला हाड नव्हतं. “भागे, देशाच्या संघात घेतला म्हनं, आन् उभा केला मागंच व्हय?”

बाया हसल्या. भागिरथी हसली नाही.

‘मागं’ हा शब्दच तिला सलत असे. लहानपणी शाळेत ती दाराजवळ, सगळ्यांच्या मागे, नुसत्या जमिनीवर बसायची. छप्पन साली धर्मांतर झालं, तेव्हा बापानं तिला हाताला धरून वर्गात नेलं, पहिल्या बस्करावर बसवलं आणि मास्तरांच्या देखत सांगितलं, “आता हितनं मागं सरायचं न्हाई.” तिचं शिक्षण चौथीतच थांबलं, पण ते वाक्य तिनं जन्मभर धरून ठेवलं. बन्सीला शाळेत घातलं, तेव्हा पहिला महिनाभर खुरपणीला जाण्याआधी ती रोज वर्गाच्या खिडकीशी थांबायची. पोरगं पुढं बसलंय ना, एवढं बघायची आणि रानात जायची.

संध्याकाळी ती काकासाहेबांच्या घरी गेली. काकासाहेब शाळेत खेळाचे शिक्षक. बन्सीच्या पायात चेंडू दिला तो त्यांनी. दर रविवारी एसटीनं नगरला नेऊन भिंगारच्या मैदानावर लष्करी जवानांबरोबर त्याला खेळवायचे तेही तेच. तिथूनच मुंबईच्या एका कंपनीच्या संघानं त्याला नोकरीसकट उचललं. मधली दोन वर्षं तो कलकत्त्याच्या क्लबात खेळला. तिथले लोक त्याला ‘बोंशी’ म्हणत. मग पुन्हा मुंबई, आणि आता देशाचा संघ.

“सर, बन्सी फोटोत मागं का?” तिनं विचारलं.

काकासाहेब बशीत चहा ओतत होते. “उंच हाय म्हणून. आन् तसा त्यो खेळतोबी मागंच की. बॅक हाय त्यो. पुढच्यांनी गोल करायचे, ह्यानं मागं थांबायचं.”

“त्यानं किती गोल केले?”

“आठ वर्षांत? एकबी न्हाई.” काकासाहेबांनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. जागा न सोडणारा खेळाडू त्यांनी घडवला होता. समोरच्या बाईचा चेहरा उतरलाय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

एप्रिलमध्ये बन्सी दोन दिवस गावी आला. तिनं त्याच्या आवडीची हुलग्याची शेंगोळी केली. जेवताना तो म्हणाला, “आये, पुढल्या महिन्यात कोलंबोला जायचंय. टीव्हीवर दावनार हायेत.”

“पुढं खेळनार का?”

तो हसला. “आये, माजी जागाच ती. मागनं सगळं मैदान दिसतं.”

“मलाबी दाराजवळनं सगळा वर्ग दिसायचा.”

बन्सीचा घास हातातच राहिला.

“आठ वर्सं झाली, बाबा,” ती म्हणाली. “एकदा तरी पुढं जा. मला डोळ्यांनी बघू दे.”

त्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली की उगीच, ते तिला कळलं नाही. यशोधरा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं त्याच्या भांड्यात पाणी ओतलं.

कोलंबोचा सामना रविवारी दुपारी होता. काकासाहेबांच्या घरी टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. भागिरथी धुवट लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

“बरोबरी झाली तरी आपन फायनलला,” काकासाहेबांनी सगळ्यांना बजावलं. “गोल न्हाई झाला तरी चालंल, पन होऊ द्यायचा न्हाई.”

सव्वा तास उलटला तरी गोल झाला नाही. समोरच्या संघाचं कुणी चेंडू घेऊन धावत आलं, की चार नंबरचा शर्ट आडवा यायचा आणि चेंडू परत जायचा. लोक “बन्सी! बन्सी!” ओरडायचे. भागिरथीला मात्र एवढंच दिसत होतं, की सगळे पळताहेत पुढं आणि तिचा लेक राहतोय मागं.

शेवटची चार मिनिटं उरली. बन्सीनं चेंडू अडवला, पण या वेळी दुसऱ्याला दिला नाही. तो पळत सुटला. मैदानाची मधली रेघ ओलांडली, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. भागिरथी ताडकन उठली.

“गेला! माजा बन्सी पुढं गेला!” ती टाळ्या वाजवत होती.

“मागं ये,” काकासाहेब पुटपुटले. मग ओरडले, “आरं, मागं ये!”

तिसऱ्यानं चेंडू काढून घेतला आणि लांब भिरकावला. मोकळ्या मैदानातून दोघं धावत गेले. बन्सी वळला, जीव खाऊन पळाला, पण पोहोचला नाही. जाळं हाललं. खोली चिडीचूप झाली. भागिरथीच्या टाळ्या तेवढ्या वाजत राहिल्या.

यशोधरानं तिचे हात धरले. “आये, गोल आपल्यावर झाला.”

“आसं कसं? मागं कुनीच नव्हतं का?”

“तिथं दादा असतो, आये.”

भागिरथी हळूच खाली बसली. टीव्हीवर बन्सी कमरेवर हात ठेवून आपल्या रिकाम्या जागेकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी यशोधरानं पेपर वाचून दाखवला. त्यात ‘बचावपटूची अनाकलनीय चूक’ असं छापलं होतं.

“अनाकलनीय म्हंजी?”

“कुनालाच न कळनारी.”

भागिरथीनं पेपर तिच्या हातातून घेतला आणि बराच वेळ त्याची घडी घालत राहिली.

जूनमध्ये बन्सी आला. तो आत येऊन बसतो न बसतो तोच ती म्हणाली, “माज्यामुळं...”

“आये, खेळात हुतं तसं.” त्यानं तिला पुढं बोलू दिलं नाही. “वाढ आधी. लई भूक लागलीय.”

तिनं वाढलं. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. देशाच्या संघात त्याचं नावही पुन्हा आलं नाही. अकरा सामन्यांवर ते थांबलं.

कंपनीच्या संघाकडून मात्र तो अठ्ठ्याण्णवपर्यंत खेळला. तेवढ्या वर्षांत त्यानं एकदाही जागा सोडली नाही, असं त्याच्या बरोबरचे सांगतात. शेवटच्या मोसमात भागिरथी मुंबईला जाऊन एक सामना बघून आली. सगळा वेळ ती चेंडूकडे न बघता त्याच्याकडेच बघत होती. पुढं गुडघा गेला, मग कंपनीही बंद पडली, आणि बन्सी गावी परतला.

गोजरबाई घोडेगावला लेकीकडे राहायला गेली, आणि बन्सी आपल्याच मांडीवर मोठा झाला, असं तिथं सांगत राहिली. यशोधरा खर्ड्याच्या शाळेत शिक्षिका झाली. काकासाहेब दोन हजार चार साली गेले. त्याआधी एकदा ते बन्सीला म्हणाले होते, “चूक तुजी न्हाई, माजी. तुला एवढं शिकवलं, पन तुज्या आईला कधी नीट सांगितलं न्हाई.” भागिरथी दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात गेली, झोपेत, कुणाला हाक न मारता.

बन्सी आता शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवतो. रानातून घरी जाताना कुणाची आई कुंपणाशी थांबली, की तो शिट्टी वाजवून खेळ थांबवतो, दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत तिच्यापाशी जातो आणि तिचं पोरगं कुठं उभं आहे आणि का, ते तिला नीट समजावून सांगतो.