कुलदीपच्या डोक्यातली वीज

अंजनगावातल्या त्या अंगणात सकाळपासून माणसं जमत होती, कारण कुलदीपच्या डोक्यात वीज खेळत होती. मान वळवली की झण्णकन झटका, डोळे फिरवले की दुसरा. वायरमन रामराव तर टेस्टर घेऊनच आला. त्याने तो कुलदीपच्या कपाळाला टेकवला. दिवा लागला नाही.

"आतली वीज हाय ते," अकोटहून आलेले महाराज म्हणाले. "अशी दिसत नसते. माह्या अंगाऱ्यानं गाठ सुटली, आता शक्ती चढून राह्यली."

गाठ कसली, हे मोठ्याने कोणी बोलत नव्हतं, पण ठाऊक साऱ्यांना होतं. वर्षभर नवराबायकोत काही घडत नव्हतं. महाराजांनी अंगारा दिला, 'दुकानातली गोळी बंद' असं पथ्य सांगितलं आणि गाठ सुटली. कुलदीपच्या आईने, आशाबाईंनी, ही बातमी हरखून भाजीबाजारापर्यंत पोचवली होती.

त्याची बायको रागिणी मात्र धास्तावली होती. कुलदीप कालपासून जेवला नव्हता. तोडायला आलेला झेंडू शेतात काळा पडत होता. गेल्या वर्षीही सुरुवात अशीच झाली होती, आणि शेवटी तिने त्याला विहिरीच्या काठावरून हाताला धरून आणलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळीने तो माणसात आला. घरात त्या गोळीला 'बीपीची गोळी' म्हणायचे.

गर्दीतला म्हातारा पुंजाजी कुरकुरला, "महाराज, मी बी तोच अंगारा खाऊन राह्यलो. मले ना वीज, ना काही. काहून?"

हशा पिकला. "श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

"काका, तुमी कोणती गोळी सोडली?" रागिणीने विचारलं.

"मले गोळीच नव्हती, बाई."

अंगारा दोघांनी खाल्ला, गोळी एकानेच सोडली. रागिणीने डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. "सगळ्यांले ऐकवू?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने होकाराची मान हलवली आणि झटका बसून डोळे मिटले.

"त्या गोळीने बऱ्याच जणांची इच्छा मंदावते, अंग साथ देत नाही," रागिणीने सगळं सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "सोडली की बहुधा ते परत येतं. पण एकदम सोडली तर असे झटके बसतात, आणि आजारही उलटू शकतो. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मला का नाही सांगितलं?"

"बाईमाणसाले कसं सांगाव, मॅडम?" कुलदीप पुटपुटला.

"अन् महाराजाले साऱ्या गावासमोर सांगतलं," रागिणी म्हणाली.

महाराज सावरले. "गोळी मीच बंद केली ना? मंग गुण माहाच."

"मंग याले सांभाळाले रोज विहिरीपाशी तुमी बसान का?"

कुलदीप हळू म्हणाला, "बीपीची नव्हती ते गोळी. मनाच्या आजाराची होती." कोणी हसलं नाही.

दुपारच्या एसटीने दोघं अमरावतीला गेले. डॉक्टरीणबाईंसमोर कुलदीपचे कान लाल झाले, पण त्याने सगळं सांगितलं.

मनाच्या औषधाने अंथरुणात अडचण आली, तर ती करणी नव्हे आणि नामर्दपणाही नव्हे. तो औषधाचा परिणाम आहे, त्यावर उपाय आहे. गोळी आपल्या मनाने सोडू नका. जिने लिहून दिली तिला विचारा. लाज वाटेल. तरी विचारा.