मेणात जपलेली गाठ

“श्रीमती शेवंती गणपत परब यांचा अहवाल नकारात्मक होता. उपचारांत कोणतीही हयगय झालेली नाही.” चौकशी समितीपुढे रुग्णालयाने हे लेखी सादर केले. मित्रांनो, वाक्ये सुबक आहेत. दोन्ही खोटी आहेत. मी हे ठामपणे सांगतो, कारण तो अहवाल माझाच होता.

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे, काडेपेटीहून लहान. माझ्या पोटात शेवंतीबाईंच्या स्तनातील गाठीचा तुकडा आहे. २००७ साली परळच्या एका रुग्णालयात तो काढला गेला आणि वितळलेल्या मेणात बसवला गेला. बाई पूर्वी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, होत्या. संपात गिरणी गेली. मग करी रोडच्या चाळीत खानावळ चालवून त्यांनी उर्मिलेला, आपल्या मुलीला, वाढवले.

पेशीच्या पृष्ठभागावर काही ग्राही असतात. वाढीचा हुकूम आत पोचवणे हे त्यांचे काम. निरोगी पेशीत ते घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात. प्रती वाढल्या की ग्राहींची गर्दी होते, मग पेशी हुकमाचीही वाट पाहत नाही. अशा ग्राहींना आवरणारे औषध आहे. ते कोणाला द्यायचे, हे ठरवायला माझ्यासारख्यांचे पातळ काप रंगवतात आणि रंग किती गडद चढला त्यावर शून्य ते तीन गुण देतात. शून्य किंवा एक गुण आला तर औषध नाही. तीन आला तर द्यायचे. दोन आला तर काहीच ठरत नाही, जनुकाच्या प्रती मोजाव्याच लागतात.

मला दोन गुण मिळाला.

“सर, दोन आलाय,” तंत्रज्ञ राजाराम म्हणाले. “मोजायला पाठवू ना?”

अहवालावर सही करणाऱ्या डॉ. अच्युत यांनी माझ्या कापाकडे पाहिले नाही. त्यांनी अर्ज उचलला, नावाखालची ओळ वाचली आणि म्हणाले, “नको. नकारात्मक लिहा.”

राजारामांनी लिहिले. मला फडताळात ठेवले. विज्ञानाच्या सेवेत मी दोन वर्षे धूळ खाल्ली.

२००९ साली रोग यकृतात पोचला. उर्मिलेने हट्टाने मला मागून घेतले आणि दादरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत नेले. तिथे प्रती मोजल्या: दोनच्या जागी अठरा. तिथल्या डॉक्टरांनी अर्थ समजावला. बाई शांतपणे ऐकत होत्या.

“म्हणजे दुहेरी धागा,” त्या म्हणाल्या. “आमच्या खात्यात तसा धागा आला की चाती थांबवून तो तोडायचा. तसाच पुढं सोडला तर जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, आयमाय काढायचा.”

“आई, डॉक्टरांवर जॉबर नसतो.”

“मग त्येंका शिव्या कोण घालता गो?”

“मी घालते. लेखी.”

तिने तक्रार लिहिली. औषधासाठी एका धर्मादाय न्यासाकडेही अर्ज केला, आणि पंधरा दिवसांत औषध मिळाले. तो न्यास २००७ सालीही होता. पहिल्या रुग्णालयाच्या समोरच्या फुटपाथवर त्याची पाटी होती. पण आता तोवर यकृताने हार मानली होती. औषध सुरू झाल्यापासून चौथ्या महिन्यात शेवंतीबाई गेल्या.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी उत्तम जपला गेलो, कुजली ती दुसरीच वस्तू. तुमच्या माणसाची गाठ काढली तर ठोकळा कुठे आहे ते विचारा. गुण किती आला ते विचारा. दोन आला तर मोजल्याशिवाय उठू नका. आणि विद्वानांच्या दयेपासून सावध राहा; ती न विचारता केली जाते.

समितीने डॉ. अच्युत यांना विचारले, पुढची चाचणी का झाली नाही? त्यांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः असे आहे:

“गुण दोन होता, हे मला माहीत होते. मोजणी आवश्यक होती, हेही माहीत होते. पण अर्जावर करी रोडच्या चाळीचा पत्ता होता. औषधाचा खर्च त्यांना झेपणार नाही, मग उगाच आशा कशाला लावायची, असे मला वाटले. मी त्यांना विचारले नाही.”