हॅगलर पडला नव्हता

खुशालने लटारूची मान मागून धरली आणि तळव्याने त्याला असा खाली दाबला की लटारूच्या हातातला चहा त्याच्याच खाकी पँटवर सांडला.

"हे पाह्य," खुशाल म्हणाला, "याले ठोसा म्हणतेत का? याले ढकलणं म्हणतेत. हॅगलरले असंच ढकललं होतं."

लटारूने पँट झटकली. सोळा वर्षं तो ताडोब्यात गाईड होता. वाघासमोर हलला नव्हता, चहाने काय हलणार?

"ढकललं असो नाई तं ओढलं असो. पंचानं मोजलं ना? मोजलं म्हणजे पडला. गोलोव्किनसाठी कोणाले मोजा लागलं काय कधी?"

मोहर्लीच्या गेटवर सकाळची सफारी परत आली आणि दुपारची सुटायची असली की जिप्सीवाल्यांना दोन-तीन तास काही म्हणता काही काम नसतं. इतर गावांत अशा वेळी क्रिकेट निघतं, नाही तर राजकारण. गुणाबाईच्या टपरीवर मात्र मधल्या वजनाचे, मिडलवेटवाले मुष्टियोद्धे निघायचे, आणि त्याला एकटा जिप्सीवाला खुशाल जबाबदार होता. तरुणपणी तो स्वतः पंचाहत्तर किलोत लढायचा. आता पंचाहत्तर किलो तर याचं नुसतं पोटच भरेल, असं गुणाबाई म्हणायची. पण मार सोसण्याच्या बाबतीत जगात कोण थोर, यावर मोबाईलवरच्या जुन्या लढती दाखवून दाखवून त्याने अख्खं गेट तयार केलं होतं. ला मोटा ठोशांच्या पावसात उभाच्या उभा कसा राहायचा, हे तिथला पंक्चरवालाही सांगू शकला असता. लटारू गोलोव्किनचा, कारण तो कधी पडलाच नाही. गुणाबाईने मोन्झॉनला धरलं होतं. शेवटच्या लढतीत तो पडला, उठला आणि जिंकूनच घरी गेला, तेव्हा तोच खरा, असं तिचं म्हणणं. पण बाई चहा पाजते म्हणून तिचं मत कोणी खोडत नसे आणि मोजतही नसे.

खुशालचा जीव हॅगलरवर. हॅगलर उभ्या जन्मात एकदाच खाली गेला, तेही पहिल्याच फेरीत. आणि ते पडणं नव्हतंच, हे सिद्ध करायला खुशाल रोज घसा कोरडा करायचा. दुसऱ्याच्या पडण्याची एवढी कशाला काळजी, असं नवख्याला वाटावं. जुन्यांना कारण माहीत होतं. खुशालसुद्धा एकदा खाली गेला होता. सव्वीस वर्षांपूर्वी, चंद्रपूरला, विभागाच्या अंतिम लढतीत. त्याचं म्हणणं असं, की रिंगणावरची ताडपत्री गळत होती, खाली पाणी साचलं होतं, आणि पाय घसरला. ठोसा खाऊन मी पडलो नाही. आमच्या घराण्यात कोणी पडत नाही.

आता गेटचा एक कायदा आहे. कोणी वाघ दिसला म्हणाला, तर साक्षीची दुसरी जिप्सी कोणती, ते सांगावं लागतं. पाहुण्यांची साक्ष चालत नाही. त्यांना रानडुकरातही वाघ दिसतो. साक्षीची जिप्सी नसेल तर वाघच नव्हता, विषय संपला. म्हणून अकरा वर्षांपूर्वी लटारूने घसरण्याची साक्ष मागितली होती, आणि खुशालने उचलली जीभ लावली टाळ्याला:

"एटापल्लीच्या लालसूले विचार. त्याच्यासंगंच होती लढत."

एटापल्ली म्हणजे कुठं! दोन बस बदला, अख्खा दिवस घाला, आणि कशासाठी, तर खुशालचा पाय ओला होता की कोरडा हे विचारायला? कोण जाणार? अकरा वर्षं तो साक्षीदार न येता उत्तम कामाला येत होता.

तर त्या दुपारी चंद्रपूरची बस थांबली आणि खुशालची मोनाली उतरली. ती सतरा वर्षांची, चंद्रपूरच्या क्रीडा वसतिगृहात राहून बॉक्सिंग शिकणारी. बापाने सगळ्या गेटला तिची पदकं तोंडपाठ करून ठेवली होती. तिच्या मागून तिची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन एक सडसडीत, पिकल्या केसांचा माणूस उतरला. त्याने पेटी खाली ठेवली आणि हात जोडले.

"ओळखलं का, खुशालभाऊ? लालसू. एटापल्लीच्या आश्रमशाळेत खेळ शिकवतो. पोरींचा संघ घेऊन चंद्रपूरले स्पर्धेसाठी आलो होतो. ही तुमची हाय समजलं, म्हटलं पोचवून देऊ."

खुशालच्या तोंडचं पाणी पळालं. लटारू मात्र वाघाचा ताजा ठसा दिसावा तसा उठून उभा राहिला.

"साक्षीची जिप्सी आली बाप्पा!"

पाच मिनिटांत टपरीला गराडा पडला. गुणाबाईने लालसूला बाकावर बसवून चहा दिला. लटारूने सगळी केस मांडली, पाणी, ताडपत्री, काही सोडलं नाही, आणि शेवटी विचारलं, भाऊ, खरं सांगा, पाय घसरला होता का तुम्ही पाडला होता? खुशाल जिप्सीची काच पुसायला लागला. ती सकाळीच पुसलेली होती. पोरगी बाजूला उभी होती, आणि पोरीसमोर इज्जत जायची वेळ आली होती.

लालसूने एक घोट घेतला. खुशालकडे पाहिलं. मग पुन्हा एक घोट.

"पाणी होतं खाली," तो म्हणाला. "पाय सरकला त्याचा."

काय गलका झाला! लटारू मटकन बसला. खुशालच्या हातातलं फडकं हवेत गेलं. असा साक्षीदार देवानेही दिला नसता. आता गेटवर मरेपर्यंत कोणी त्याच्याकडे बोट दाखवणार नव्हतं.

"म्हणजे खरंच," मोनाली पेटी जवळ ओढत हळूच म्हणाली, "आपल्या घरात कोणीच नाई पडलं."

खुशालने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. पेटीवर गादी होती, सुतळीने करकचून बांधलेली. दोन-चार दिवसांच्या सुटीला कोणी गादी घेऊन येत नाही, वसतिगृह सोडून आलेलाच आणतो. तिच्या डाव्या जबड्यावर निळसर डाग होता, आणि तो ओढणीखाली राहावा म्हणून ती सारखी मान वळवत होती. त्याने लालसूकडे पाहिलं. लालसू रिकाम्या गिलासात बघत होता. एटापल्लीचा माणूस उलट्या दिशेने मोहर्लीला का आला, ते आता खुशालला समजलं.

गप्प बसला असता तरी चाललं असतं. अकरा वर्षांनी जिंकलेला खटला होता. त्याने फडक्याची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली आणि पोरीच्या पेटीशेजारी खाली जमिनीवरच बसला.

"पाणीगिणी काई नव्हतं," तो म्हणाला.

लालसूने रिकामा गिलास बाकावर ठेवला.

"लालसूभाऊ सज्जन माणूस हाय, म्हणून बोलला. उन्हाळा होता तेव्हा. ताडपत्री कुठची गळते? त्यानं डाव्या हातानं हाणला, इथी, कानाखाली. मले दोन पंच दिसून राह्यले होते, आन् दोघंही मोजून राह्यले होते."

लटारूने तोंड उघडलं. गुणाबाईने त्याच्या हातात न मागितलेला चहा कोंबला. मोनाली बापाकडे बघत राहिली. तिची मान आता सरळ झाली होती आणि ओढणी खांद्यावर घसरली होती.

"किती मोजलं?"

"नऊ," खुशाल म्हणाला. "दहावा तोंडातच होता पंचाच्या, दहा झाले का खेळ खलास. कसाबसा उठलो, मंग हारलोच."

ती सुतळीच्या गाठीवर बोट फिरवत राहिली.

"मी सहाले उठली," ती म्हणाली.

खुशालने भुवया उंचावल्या. बाप झाला म्हणून काय झालं, गेटचा कायदा तो कायदा.

"साक्ष?"

मोनालीने हनुवटीने लालसूकडे दाखवलं.

"सहा," लालसू म्हणाला. "मी समोरच उभा होतो. मंग पुरती लढली. एकाच गुणानं हारली."

खुशालने बोटांवर नवातून सहा वजा केले. तीन बोटं त्याने गर्दीला दाखवली, आपणच जिंकल्यासारखी. पडला तरी नाक वर, अशीच जात ती! पण डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

दुपारच्या सफारीची वेळ झाली. पाहुणे टोप्या घालून यायला लागले. मोनालीने पेटी टपरीच्या मागे सरकवली, गादीची सुतळी मात्र सोडली नाही, ती तशीच बांधलेली राहू दिली.

"गुणाबाई," तिने विचारलं, "उद्या सकाळी चंद्रपूरची पहिली बस कितीले हाय?"

खुशालने जिप्सी चालू केली. लटारू शेजारी येऊन बसला. ओल्या पँटवर त्याने पाहुण्यांची यादी पसरली आणि मुकाट नावं वाचू लागला. गेटचा आडवा बांबू वर गेल्यावर खुशालने घसा साफ केला.

"माह्यं सोड," तो म्हणाला. "पण हॅगलरले ढकललं होतं."

लटारूने यादीतून डोकं वर काढलं नाही.

"ढकललंच असन," तो म्हणाला.