बंद तोंडातले किडे

"पडला! किडा पडला!" मारुतीच्या पारावर एकच गलका उठला. परातीतल्या पाण्यात सुतासारखा पांढुरका किडा हलत होता, आणि तो ज्यांच्या दाढेतून निघाला असं सांगितलं जात होतं ते गहिनीनाथ पाटील गाल धरून डोळे पुसत होते. महायुद्धाच्या त्या दिवसांत पाथर्डीकडच्या या गावाला रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती. चमत्कार मात्र दर बाजाराला हवा तेवढा मिळे.

चमत्कार करणारे धुरीबुवा अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून. परातीत मधोमध वीट, विटेवर तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा. त्यावर बुवा तुपात घोळलेलं चिमूटभर बी टाकत, बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालत, आणि भोकातल्या बोरूच्या नळीचं दुसरं टोक माणसाच्या तोंडात देत. "निघ भवाने, निघ! काशीची धुरी हाय, हिमालयाचं तूप हाय!" हिमालयात तूप कोण कढवतं, हे कुणी विचारलं नाही. मडकं उचललं की पाण्यात किडे.

आईचा पदर मुठीत धरून उभ्या असलेल्या भागूचं लक्ष किड्यांकडे नव्हतं. बाजूच्या विस्तवात एक विळा खुपसून ठेवला होता, त्याच्याकडे होतं. तो विळा तिच्यासाठी होता.

भागू चार वर्षांचीही नव्हती तेव्हा विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडावर, तोंडावर आपटली होती. वरचे पुढचे दोन्ही दुधाचे दात निखळून पाण्यात गेले. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून छपरावर फेकायचा, मगच नवा येतो, ही गावची रीत. तिच्या आईने, दगडाबाईने, थारोळ्यातला सगळा गाळ चाचपला, पण दात हाती लागले नाहीत. नवरा पलटणीत, दूर. तिने गोष्ट पोटात ठेवली. आता भागूला आठवं सरत आलं. बरोबरीच्या पोरींना नवे दात फुटले, हिची हिरडी कोरीच. धास्तावलेल्या आईने सकाळी बुवांपाशी सगळं सांगून टाकलं, आणि बुवांना आयतंच सापडलं.

"दात हिरीतल्या आसरांनी, पान्यातल्या बायांनी नेलं! त्यांचा किडा हिच्या हिरडीत बसून कोंब खातोय. आधी किडा काढतो, मग डाग देतो. न्हाई दिला तर पोरगी जल्माची बोळकी ऱ्हाईल. हिला पदरात कोन घेईल?"

हे सगळं भागूने ऐकलं होतं. तेव्हापासून तिने आईचा पदर सोडला नव्हता.

तिची पाळी आली. बुवांनी नळी पुढे केली आणि भागूची दातखीळच बसली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बुवांनी नळी ओठांवरच दाबली, धूर डोळ्यांत गेला. आरोळी झाली, मडकं उचललं. पाण्यात किडे!

"पन म्या तोंड उघडलंच न्हाई!" भागू रडत ओरडली.

बुवांनी आवाज चढवला. "वठातनंबी येतो किडा, पोरी. बाई, डोस्कं धर हिचं." त्यांनी विळा उचलला. दगडाबाईने डोळे मिटले आणि लेकीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "आये, नगं गं! आये!"

तेवढ्यात कुणीतरी बुवांचं मनगट पकडलं. नगरहून देवी टोचायला आलेले मोहियोद्दीन डॉक्टर होते ते. त्यांच्यापुढची रांग किडे बघायला पळाली होती, म्हणून तेही मागोमाग आले होते.

"तोंड बंद होतं, मग किडा आला कुठून? बुवा, एकदा या नळीचं टोक तुमच्या वहाणेत ठेवून धुरी द्या."

"देव कोपंल!"

"कोपू द्या," पाटील दाढ चोळत उठले. दाढ अजून ठणकतच होती. त्यांनीच बी टाकलं, मडकं घातलं, नळी वहाणेत खुपसली. मडकं उचललं तर पाण्यात किडे.

"बुवाच्या वहानंची दाढ किडली रं!" मागून कुणी ओरडलं आणि बाजार खो खो हसला. भागूला हसू आलं नाही. ती अजून त्या विळ्याकडेच बघत होती.

डॉक्टरांनी नखाने एक बी फोडून सगळ्यांना दाखवलं. "ही भुईरिंगणी. तुमच्याच बांधावर वाढते. बी तापलं की फुटतं, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. पाणी हलतं आणि आपण म्हणतो, किडा वळवळला."

मग हात धुऊन त्यांनी भागूची हिरडी चाचपली. "दात आहेत, खालीच. बोटाला उंचवटे लागतात. दुधाचा दात फार लवकर पडला की त्यावर हिरडी जाड होते, मग पक्क्या दाताला वर यायला उशीर लागतो. वर्षभरात दिसले नाहीत तर नगरला आणा."

"पन छपरावर फेकलं न्हाईत..." दगडाबाई पुटपुटली.

"दात छपरावरून येत नाहीत, बाई. हा विळा टेकला असता तर खालचा कोंबच जळाला असता. मग ती खरोखर बोळकी राहिली असती."

दगडाबाई मटकन खाली बसली. "म्याच धरलं हुतं गं तुजं डोस्कं." तिने लेकीला पोटाशी घेतलं आणि भर बाजारात रडली. तोवर बुवांनी वहाण सोडून काढता पाय घेतला होता.

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा भागूच्या हिरडीतून करवतीसारख्या धारेचा एक दात डोकावला. दुसरा अजून यायचा होता, पण त्याची भीती कुणाला राहिली नव्हती.

आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनो? डोळ्यांसमोर किडा पडला म्हणून लगेच हात जोडू नका. मडक्याखाली काय आहे ते आधी बघा. घाबरलेल्या पोराचं डोकं धरण्याआधी ते काय ओरडतंय ते ऐका.

पुढे भागूचा बाजूचा दुधाचा दात पडला, तेव्हा दगडाबाईने सवयीने शेणाची गोळी केली. भागू हसली. "फेक आये, खुशाल फेक. पन नवा दात माज्या तोंडातच हाय."