निवायच्या आधी भिजलेली सांध

मी सांध बोलतेय. रुळाची. शेणोली आणि ताकारीच्या मधे, नव्या लाइनीवर दोन रूळ जिथं एक झाले तिथं मी होते. होते, आता नाही.

मला रेल्वेच्या गँगमधल्या आकारामनं घडवलं. साच्यात पेटतं लोखंड ओतलं, साचा फोडला, तेव्हा मी लालभडक होते. त्या लाइनीवरची शेवटची सांध मीच. थंडी सरली की आकाराम निवृत्त होणार, म्हणून त्याचा माझ्यावर फार जीव. औंधाहून यमाईचं तीर्थ आणलं होतं, तांब्याभर.

त्याची बायको रंगूबाई, तीपण गँगमधलीच. म्हणाली, "आवं, अजून लाल हाय ती. निवू द्या की."

"देवीचं पाणी हाय. त्यानं काय हुतंय?"

"देवीला घाई न्हाई. तुमालाच हाय."

सगळे हसले. त्यानं डोळे मिटले आणि तांब्या माझ्यावर रिकामा केला. मी चरचरले.

आता माझ्याकडून ऐका. पोलाद सावकाश निवलं तर पोटातले कण थर लावून बसतात. मग ते भार सोसतं, जरा वाकतंही. मधेच पाणी पडलं की कण बसायच्या आधीच आखडतात. वरून दगडासारखं कडक, आणि काचेसारखं ठिसूळ.

पण माणसांना कडकपणाचं भारी कौतुक. मुकादम आप्पासोनं माझ्यावर कानस घासली. ती नुसती सरकली.

"आकाराम, कानसबी धरत न्हाई रं. शेवटची लय झाक जमली गड्या."

आकारामचा चेहरा फुलला. मला तेव्हाच ओरडायचं होतं.

गाड्या धावल्या. पौषात गारठ्यानं रूळ आकसले, दोन्हीकडून ओढ बसली, आणि मला चीर गेली. तपासणीच्या यंत्रानं ती पकडली. बरंच झालं. वरून माणसं जातात.

मला कापायला आकारामच आला. तुकडा उचलून त्यानं चिरेवर अंगठा फिरवला. रंगूबाई तोंडाची तिखट, पण त्या दिवशी तिनं नुसतं त्याच्या हातातून मला घेतलं आणि बाजूला ठेवलं.

आता मी खडीखालच्या गवतात पडलेय. माझ्या जागी त्यानं नवी सांध ओतलीय. तिला झाकून तो उन्हात बसलाय, माझ्याकडं पाठ करून. गाडी अडलीय. साहेब दोनदा ओरडून गेला.

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं नाही तरी चालेल. पण त्याला कुणी उठवू नका.