किळस

बकुळा सुरीच्या पाठीने भिंतीवरची कालवणाची वाळकी खपली खरवडत होती. आदल्या दिवशी ती न सांगता वाणगावच्या बाजारात गेली, म्हणून नणंदेने, विनिताने, अख्खा टोप भिंतीवर फेकला होता. आणि संध्याकाळी बकुळाच्याच पायांना मिठी मारून, वहिनी, मला सोडून जाऊ नकोस, म्हणत ढसाढसा रडली होती. तिचा शेंबूड बकुळाच्या साडीला लागला. साडी बदलली, साबण लावून पाय दोनदा धुतले, तरी ओलं काहीतरी चिकटून राहिल्यासारखंच वाटत होतं.

दुपारी ती नवऱ्याबरोबर, प्रितेशबरोबर, डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे गेली. दर मंगळवारी तिथे रुग्णांच्या घरच्यांची बैठक असे. विनिताच्या मनाच्या आजाराचं नाव बॉर्डरलाइन, हे बाईंनीच सांगितलं होतं. हे सोंग नव्हे, म्हणाल्या होत्या. भाजलेल्या कातडीला वारासुद्धा झोंबतो, तसं असतं. बकुळाला ते पटलं होतं. पण पटलं म्हणून शिसारी जात नाही.

प्रितेश म्हणाला, आम्ही घेतो सांभाळून. बाकीचेही तसंच काहीबाही म्हणाले. मग बकुळाची पाळी आली.

"मला तिची किळस येते," ती म्हणाली. "हात लावला तिने, की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. परवा दुपारभर तिची खोली बंद होती. आतून आवाज नाही. मी चहा घेऊन दाराशी गेले, पण हाक नाही मारली. तिथेच उभी राहून तो चहा मीच प्यायले. बरं वाटलं मला. आता माझीच किळस येते."

प्रितेशने मान खाली घातली. मग वरोरचा म्हातारा सदू खाकरला.

"माझा पोरगा तीन दिस घरी नव्हता," तो म्हणाला. "ते तीन दिस मी पोटभर जेवलो."

डॉक्टरीणबाई कोणाला रागावल्या नाहीत. किळस आली म्हणजे माया संपली असं नसतं, एवढंच म्हणाल्या. पण या आजारात माणूस जिवाचं बरंवाईट करून घेतं, म्हणून बंद दारावर हाक मारायचीच, त्यात चुकायचं नाही, हे त्यांनी बकुळाकडून दोनदा कबूल करून घेतलं.

घरी आले तर विनिता ओटीवर वाट बघत उभी.

"काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

प्रितेश, काही नाही, असं म्हणणार, तोच बकुळा बोलून गेली.

"मला तुझी किळस येते, असं सांगितलं."

विनिताचा चेहरा पांढराफटक पडला. बकुळाने नकळत आजूबाजूला पाहिलं, विनिताच्या हाताशी फेकण्यासारखं काय काय आहे ते.

"मग परत आलीस कशाला?"

बकुळा खाली बसली, चवळीच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे ओढलं.

"शेंगा मोडायच्यात. बस."

विनिता हातभर अंतर सोडून बसली. मोडलेल्या शेंगा तिने वहिनीच्या ढिगात टाकल्या नाहीत, आपला वेगळा ढीग केला. बकुळाने तो तसाच राहू दिला.